अ‍ॅपमधील ग्राहक-घटनांची नोंद : अंधेरीच्या गेटपासून महाविद्यालयीन ग्रंथालयापर्यंत

गोषवारा : अ‍ॅप वापरणाऱ्या व्यक्तीच्या कृतींची नोंद घेण्याची सोय आज्ञावलीत कशी बसवितात, त्या नोंदीतून काय कळते आणि काय कळत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मुंबई उपनगरांतील मेट्रो व लोकल यांची तिकीटव्यवस्था उदाहरणादाखल घेतली आहे. लेखाच्या उत्तरार्धात महाविद्यालयांच्या अ‍ॅपमधील विद्यार्थ्यांच्या नोंदींचा विचार २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : घटना-नोंद, नोंद-आराखडा, वापरकर्त्याची ओळख, संमती, महाविद्यालयीन अ‍ॅप.

१. प्रास्ताविक

अंधेरीला लोकलमधून उतरून पादचारी पुलावरून मेट्रोकडे वळणारा प्रवासी काही मिनिटांच्या अवधीत दोन भिन्न नोंदव्यवस्थांतून जात असतो. लोकलचे तिकीट त्याने बोरिवलीला काढले तेव्हा एक नोंद झाली. तो अंधेरीस उतरला याची नोंद मात्र कोठेही होत नाही. त्याच्या खिशात मासिक पास असेल तर त्या दिवसाच्या प्रवासाची एकही नोंद नाही. याउलट ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या ११.४ किलोमीटर लांबीच्या आणि १२ स्थानकांच्या मेट्रो मार्गावर प्रवेशाच्या गेटपाशी एक नोंद होते व बाहेर पडतानाच्या गेटपाशी दुसरी. स्मार्ट कार्डधारकाचे भाडे दुसऱ्या नोंदीच्या वेळी अंतरानुसार कापले जाते. आत गेल्याची नोंद आहे पण बाहेर पडल्याची नाही, असे झाल्यास ते कार्ड खिडकीवर नेऊन दुरुस्त करून घ्यावे लागते.

एकाच शहरातील, एकाच पुलाने जोडलेल्या या दोन व्यवस्थांपैकी एकीला ‘प्रवासी कोठे उतरला’ या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे आणि दुसरीला नाही. हा फरक यंत्राच्या हुशारीचा नव्हे. भाडे नेमक्या प्रवासावर आकारायचे असे एकीने आधी ठरविले. दुसरीने प्रवेशद्वार सर्वांना खुले ठेवून तपासणी टीसीवर सोपविली. नोंद कशाची घ्यायची हे असे प्रयोजनातून ठरते, आणि संगणकाच्या आज्ञावलीतही नेमके तेच घडते.

हा विषय प्राध्यापकवर्गासमोर मांडण्यास एक निकटचे कारण आहे. प्रवेश, शुल्क, उपस्थिती, ग्रंथालय यांसाठी महाविद्यालये अ‍ॅप करून घेतात. अ‍ॅप तयार करणारी मंडळी विभागप्रमुखांना विचारतात, “विद्यार्थ्यांचे काय काय ट्रॅक करायचे?” आणि आपण बहुधा उत्तर देतो, “सगळेच करा, पुढे उपयोगी पडेल.” हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या कुचकामी आणि कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे कसे आहे, ते पुढे पाहू.

२. घटना आणि स्थिती

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांस ही संकल्पना नवी वाटू नये. आपल्या पेढ्यांत कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार जसा घडला तसा, त्या दिवशी, त्या क्रमाने उतरविला जाई, तर खतावणीत प्रत्येकाच्या नावे शिल्लक निघे. कीर्दीवरून खतावणी केव्हाही नव्याने करता येते. खतावणीतील शिल्लक पाहून मात्र ती कोणकोणत्या व्यवहारांनी झाली हे सांगता येत नाही.

अ‍ॅपच्या नेहमीच्या माहितीसाठ्यात खतावणी असते : ग्राहकाचे नाव, पत्ता, कार्डावरील शिल्लक. पत्ता बदलला की जुना पुसला जातो. घटना-नोंद, म्हणजे व्यवसायात ज्याला ‘इव्हेंट ट्रॅकिंग’ म्हणतात ती, ही कीर्द होय. तिच्यातील प्रत्येक ओळ चार गोष्टी सांगते : कोणी, काय केले, केव्हा, आणि कोणत्या तपशिलासह. ‘अमुक कार्डाने, प्रवेश केला, सकाळी ८ वाजून ४२ मिनिटांनी, स्थानक अंधेरी’ ही एक पूर्ण घटना झाली. ती एकदा लिहिली की खोडायची नसते. चूक झालीच, तर कीर्दीतल्याप्रमाणे दुरुस्तीची नवी ओळ लिहावयाची.

आरंभी संकेतस्थळांच्या बाबतीत केवळ कोणते पान किती वेळा उघडले याची मोजणी होत असे. गूगल अ‍ॅनालिटिक्स ही सेवा २००५ च्या नोव्हेंबरात आली तेव्हा तिचा भर पानांवर होता. मोबाइल अ‍ॅपमध्ये मुळात ‘पान’ ही कल्पनाच अपुरी पडते, म्हणून कृती हे मोजणीचे एकक झाले. गूगलनेही २०२० मध्ये सर्वस्वी घटनांवर आधारलेली नवी आवृत्ती आणली आणि जुन्या आवृत्तीत नव्या नोंदी घेणे १ जुलै २०२३ पासून थांबविले. या क्षेत्रात मुंबईचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही. वेबएंगेज (२०११) आणि सुनील थॉमस, आनंद जैन व सुरेश कोंडामुडी यांनी आरंभी विझरॉकेट या नावाने सुरू केलेली क्लेव्हरटॅप (२०१३) या दोन्ही कंपन्या याच शहरात उभ्या राहिल्या. अशा कंपन्या एक तयार आज्ञासंच देतात, त्याला ‘एसडीके’ म्हणतात. तो अ‍ॅपमध्ये घातला की काही घटना आपोआप नोंदल्या जाऊ लागतात. उदाहरणार्थ, क्लेव्हरटॅपमध्ये अ‍ॅप उघडल्याची ‘अ‍ॅप लाँच्ड’ ही घटना वेगळी सांगावी लागत नाही. खरेदीसाठी त्यांनी ‘चार्ज्ड’ ही घटना राखून ठेवली आहे. उरलेल्या साऱ्या घटना अ‍ॅप करणाऱ्याने स्वतः ठरवून, आज्ञावलीत योग्य त्या जागी एकेक ओळ लिहून पाठवावयाच्या असतात. अवघड काम तेथून पुढचे.

३. नोंद-आराखडा

ओळ लिहिण्यास प्रोग्रॅमरला मिनिटभर पुरते. ती कोठे आणि का लिहावयाची, यासाठी मात्र कागद घेऊन बसावे लागते. प्रथम प्रश्न लिहावा, नंतर त्या प्रश्नास लागणाऱ्या घटना लिहाव्यात. एका कल्पित तिकीट-अ‍ॅपचे उदाहरण घेऊ. प्रश्न असा : तिकीट काढावयास आलेले लोक कोणत्या पायरीवर परत फिरतात? यासाठी चार घटना पुरेत : अ‍ॅप उघडले, स्थानके निवडली, पैसे भरण्यास आरंभ केला, तिकीट मिळाले. समजा, १००० जणांनी अ‍ॅप उघडले, ६०० जणांनी स्थानके निवडली, ३०० जणांनी पैसे भरण्यास आरंभ केला आणि २४० जणांना तिकीट मिळाले. सर्वांत मोठी गळती पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे, हे लगेच दिसते. अ‍ॅपमधील प्रत्येक बटणाची नोंद घेतली असती तर दीडशे घटनांच्या ढिगाऱ्यातून हेच शोधून काढण्यात आठवडा गेला असता.

घटनेस नाव देतानाही विवेक लागतो. ‘हिरवे बटण दाबले’ हे नाव वाईट, कारण पुढच्या महिन्यात बटण निळे होते. ‘तिकीट मिळाले’ हे नाव बटणाचा रंग बदलला तरी खरे राहते. अँड्रॉइडचे अ‍ॅप एकाने केले आणि आयफोनचे दुसऱ्याने, व दोघांनी आपापल्या मनाने नावे दिली, तर एकच कृती दोन नावांनी नोंदली जाते आणि बेरीज कायमची चुकते. तपशिलांचेही तसेच. स्थानकाचे नाव एकाने ‘घाटकोपर’ असे लिहिले, दुसऱ्याने इंग्रजीत, तिसऱ्याने ‘घाटकोपर पूर्व’, तर संगणकाच्या लेखी ती तीन स्थानके होत. रेल्वेने हा प्रश्न संगणक येण्यापूर्वीच सोडविला होता. अंधेरीस ‘एडीएच’, बोरिवलीस ‘बीव्हीआय’, घाटकोपरला ‘जीसी’, मुलुंडला ‘एमएलएनडी’ अशी ठरीव अक्षरे आहेत. ती वापरली की वाद उरत नाही. भाड्याच्या बाबतीत ‘१०’ हा आकडा आणि ‘१० रु.’ हा मजकूर यांतील भेद आपणांस क्षुल्लक वाटेल, परंतु मजकुराची बेरीज होत नसते.

हा सारा ठराव एका तक्त्यात लिहून ठेवावा : घटनेचे नाव, ती नेमकी केव्हा नोंदावयाची, तपशील कोणते, कोणत्या प्रश्नासाठी, आणि ती नोंद किती दिवस ठेवावयाची. शेवटचे दोन रकाने व्यवहारात बहुधा कोरे राहतात. ते भरल्याखेरीज घटनेस मान्यता देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. नोंद कोठे घ्यावी आणि वेळ कोणती लिहावी

नोंद दोन ठिकाणी घेता येते : ग्राहकाच्या फोनवर किंवा संस्थेच्या सर्व्हरवर. फोनला ग्राहकाची चलबिचल दिसते. त्याने स्थानक निवडले, बदलले, मागे आला, हे सर्व्हरला कळत नाही. परंतु पैसे खरोखर जमा झाले की नाही, हे सर्व्हरच जाणतो. यूपीआयने पैसे भरण्यासाठी ग्राहक दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, तेथे व्यवहार पुरा होतो, तोच गाडी येते आणि तो फोन खिशात घालतो. मूळ अ‍ॅप परत उघडलेच जात नाही. अशा वेळी फोनच्या हिशेबात तिकिटे २२५ भरतील आणि सर्व्हरच्या हिशेबात २४०. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. पैशाच्या प्रश्नाला सर्व्हरचा आकडा आणि वर्तनाच्या प्रश्नाला फोनचा, हा नियम एकदा ठरवून घेतला म्हणजे बैठकीत वाद होत नाहीत.

गर्दीच्या वेळी लोकलमध्ये नेटवर्क येते-जाते. म्हणून एसडीके घटना लगेच पाठवू शकला नाही तर त्या फोनमध्येच रांगेत ठेवतो आणि संपर्क होताच एकदम पाठवितो. यातून दोन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण पुनरुक्तीची. घटना पोचली, पण पोचल्याची पावती परत आली नाही, तर फोन तीच घटना पुन्हा पाठवितो. यावर उपाय म्हणून प्रत्येक घटनेस जन्मतःच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची दुसरी प्रत सर्व्हरने टाकून द्यावी. दुसरी अडचण वेळेची. घटना घडल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ या भिन्न असतात, आणि फोनचे घड्याळ चुकलेलेही असू शकते. तेव्हा दोन्ही वेळा लिहाव्यात.

वेळेविषयी आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. बहुतेक प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवितात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. अहवाल करताना रूपांतर करण्याचे विसरले, तर आपली पहाटे ५.३० पूर्वीची प्रत्येक घटना आदल्या तारखेत जाते. मुंबईच्या पहिल्या लोकल यापूर्वीच धावू लागतात. म्हणजे सोमवारी पहाटे कामावर निघालेला माणूस अहवालात रविवारचा प्रवासी ठरतो. कार्यालयीन वेळेत चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अ‍ॅपमध्ये तिचे परिणाम उघड होतील.

५. ‘कोणी’ हा प्रश्न

चार घटकांपैकी ‘कोणी’ हा घटक सर्वांत फसवा आहे. प्रथम अ‍ॅप उघडणारा माणूस अनोळखी असतो. त्याच्या फोनवरील अ‍ॅपला एक निनावी क्रमांक दिला जातो. पुढे त्याने लॉगिन केले की तो क्रमांक आणि त्याचे खाते यांची सांगड घालून आधीच्या निनावी कृतीही त्याच्या नावे लावल्या जातात. एक माणूस, एक फोन असे असेल तेथे हे ठीक चालते. एकाच फोनवरून थोरली बहीण आपल्या वर्गाचे व्याख्यान पाहते आणि धाकटा भाऊ आपल्या वर्गाचे, अशी घरे महामारीच्या काळातील ऑनलाइन वर्गांमुळे आपण सर्वांनी जवळून पाहिली. लॉगआउट होताना निनावी क्रमांक बदलला नाही, तर भावाच्या कृती बहिणीच्या नावे जमा होतात. मेट्रोचे कार्डही आई-मुलगा आलटून पालटून वापरू शकतात. गेटला कार्ड दिसते, माणूस दिसत नाही.

६. प्रयोजनापुरती नोंद

लोकलच्या कूपनांचा काळ पुष्कळांना आठवत असेल. स्थानकावरील यंत्रात कूपन घातले की त्यावर स्थानक, तारीख व वेळ उमटे. ती व्यवस्था आता इतिहासजमा झाली. पण तीही घटना-नोंदच होती. तिच्यात कोणी, हे लिहिलेले नसे, आणि नोंदीचा कागद प्रवाशाच्याच हाती राही. तपासणीचे प्रयोजन तेवढ्याने पुरे होत असे.

पुढे रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपद्वारे मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०१५ पासून कागदाविना तिकीट मिळू लागले तेव्हा फोनचे स्थान पाहणे आवश्यक झाले. टीसी दिसताच गाडीत किंवा फलाटावर उभे राहून तिकीट काढता येऊ नये, म्हणून स्थानकाच्या आवारात व रुळांलगत असे तिकीट काढण्यास अ‍ॅप नकार देत असे. येथे ‘स्थान’ या तपशिलाला नेमके प्रयोजन आहे, आणि ‘मनुष्य रुळांपासून पुरेसा दूर आहे काय’ या एका हो-नाहीने ते भागते. अचूक अक्षांश-रेखांश दर मिनिटास साठविण्याची या प्रयोजनाला गरज नाही. माहिती मिळू शकते आणि माहिती लागते, या दोन विधानांतील अंतर आराखडा करणाऱ्याने नित्य डोळ्यांपुढे ठेवावे.

७. महाविद्यालयाच्या अ‍ॅपमध्ये

आता आपल्या घरचा प्रश्न. मुलुंडमधील एखाद्या महाविद्यालयाने ग्रंथालयाचे अ‍ॅप केले, त्यात ‘पुस्तक उघडले’ आणि ‘वाचन-मिनिटे’ अशा नोंदी घेतल्या, असे समजू. एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या वायफायवर प्रकरण उतरवून घेतले आणि गाडीत, अ‍ॅपच्या बाहेर, तीन वेळा वाचले. नोंद झाली : एकदा उघडले, वीस सेकंद. दुसऱ्याने पुस्तक उघडून फोन चार्जिंगला लावला आणि तो क्रिकेट खेळावयास गेला. नोंद झाली : ९५ मिनिटे. वर्षअखेर कोणी उत्साही सहकारी या आकड्यांवर अंतर्गत मूल्यमापनाचे पाच गुण ठेवतो. अ‍ॅपने कोठेही असत्य नोंदविलेले नाही, तरी निकाल अन्यायाचा आहे. ‘कोणती पुस्तके अधिक प्रती घेण्याजोगी आहेत’ या प्रश्नासाठी घेतलेली नोंद ‘कोण अभ्यासू आहे’ या प्रश्नाला जुंपली गेली, ही यातील मूळ चूक. पहिल्या प्रश्नाला तर विद्यार्थ्याचे नावही लागत नव्हते.

कायदाही आता याच भाषेत बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यांतील मुख्य कर्तव्ये लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती मागावयाची ती विशिष्ट प्रयोजनासाठी, ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि तीविषयीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय व्यक्तीस असला पाहिजे, असे हा कायदा सांगतो.

आपणांस विशेष लागू पडते ते कलम ९. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती ही बालक होय. बालकाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि बालकांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. उल्लंघनास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उपनगरांतील कितीतरी महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, आणि अकरावी-बारावीचा वर्ग जवळजवळ संपूर्ण या व्याख्येत येतो. प्रथम वर्षाच्या वर्गातही अठरा पूर्ण न झालेले विद्यार्थी असतात. वरिष्ठ आणि कनिष्ठ विभागांसाठी एकच अ‍ॅप असेल, तर ‘आमचे विद्यार्थी सज्ञान आहेत’ हा बचाव टिकणार नाही.

नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, हे खरे. संस्थेच्या शैक्षणिक कार्यासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी माग व देखरेख ठेवता येते. परंतु ही सवलत प्रयोजनाशी बांधलेली आहे. उपस्थितीची नोंद तिच्यात सहज बसेल. विद्यार्थी रात्री किती वाजता अ‍ॅप उघडतो यावरून त्याला एखाद्या खासगी शिकवणीची सूचना पाठविणे बसणार नाही, असे मला वाटते. येथे एसडीकेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तयार आज्ञासंच आपण न सांगता ज्या घटना आणि फोनचे जे तपशील गोळा करतो, त्यांची जबाबदारी कायद्याने महाविद्यालयावरच येते. तेव्हा अ‍ॅप स्वीकारताना ‘यात कोणकोणते एसडीके आहेत, ते आपणहून काय पाठवितात आणि त्यांतले काय बंद करता येते’ याची लेखी यादी मागावी. संगणकशास्त्र विभागातील सहकाऱ्याने फोनमधून बाहेर जाणारी माहिती एक दिवस पाहून ती यादी ताडून पाहावी. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प होईल.

प्रयोजन संपले की माहिती पुसावी आणि ज्या कंपनीमार्फत ती साठविली असेल तिलाही पुसावयास लावावे, असेही या कायद्याचे बंधन आहे. म्हणून आराखड्यातील ‘किती दिवस ठेवावयाची’ हा रकाना केवळ शोभेचा राहत नाही. विद्यार्थी दाखला घेऊन जातो तेव्हा कार्यालय ग्रंथालयाचे येणे, प्रयोगशाळेचे येणे, अनामत रक्कम यांची शहानिशा करून एकेका रकान्यात सही घेते. त्याच कागदावर आणखी एक ओळ वाढवावी लागेल : ‘अ‍ॅपमधील नोंदी, अमुक तारखेस पुसल्या’, आणि तिच्यापुढे सही कोणाची, हे प्राचार्यांनी अ‍ॅप विकत घेण्यापूर्वीच ठरवावे लागेल.